साधनाचा अर्धा तास

साधनाला कोणती मालिका आवडते हे टोलीवर, त्या लहानशा वस्तीत, तिला कधी कोणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, की अमुक मालिका चालेल का. हापशीवर घागर टेकली की कोणीतरी सुरू करायचंच.

"साधना वं, ते मंगळवारची डॉक्टरीणवाली राहीन का जाईन?"

"जाते. दोन हप्ते धर."

"काऊन? बरी तं हाये."

"बरी हाये, पन साबनवाला सुटला तिचा. मागच्या बारीले दोनच जाहिराती होत्या. त्यातली एक कुटुंबनियोजनाची."

"म्हंजे सरकारनंच नसबंदी केली म्हन तिची," शेजारची कमला म्हणायची आणि बाया हापशीचा दांडा धरून हसायच्या. दोन आठवड्यांनी ती डॉक्टरीण विमानात बसून परदेशी निघून जायची. मालिका संपायची.

तेव्हा मालिकेला तेरा भाग मिळत. लोकांनी पाहिली, जाहिराती आल्या, तर आणखी तेरा, मग बावन्न. हे टोलीवर कोणाला ठाऊक नव्हतं. साधनाला होतं, कारण ती राजुऱ्याची. वडील कोळसा खाणीत, क्वार्टरमध्ये वीज, शेजारच्या घरी टीव्ही. दहावीत गणित राहिलं आणि एक्याण्णव साली तिचं लग्न चामोर्शीपासून दोन कोसांवरच्या या तलावाकाठच्या टोलीवर झालं. नवरा लहानू, मासेमारीच्या सोसायटीत. सासरा मनसाराम, सासू ताराबाई, दीर अमर. विजेचे खांब गावापर्यंत येऊन नाल्याच्या अलीकडेच थांबले होते. पण घरात टीव्ही होता. काळा-पांढरा, लहान, बॅटरीवर चालणारा. लग्न जमवताना मध्यस्थाने हे दोनदा सांगितलं होतं. बॅटरीचं सांगितलं नव्हतं.

ती ट्रॅक्टरची जुनी बॅटरी होती. बाजाराच्या दिवशी चामोर्शीला दुकानात चार्जिंगला टाकायची, मासोळ्या विकून होईपर्यंत ती भरायची, परत आणायची. एका भरण्यात आठ-नऊ तास. म्हणजे आठवड्याला आठ-नऊ तास, आणि घरात पाच माणसं. मनसारामने याची वाटणी केली होती. रोज पंधरा मिनिटं बातम्या त्याच्या. शनिवारचा सिनेमा लहानूचा, म्हणजे सगळ्यांचा. बुधवारची गाणी अमरची. रविवारी सकाळी देवाची मालिका ताराबाईची. उरलेलं थोडंफार क्रिकेटसाठी राखून. ज्याचा वाटा त्यानेच टीव्ही लावायचा, त्यानेच बंद करायचा. दुसऱ्याने पाहायला हरकत नाही, पण हातातलं काम सोडून नाही.

सुनेचा वाटा त्यात नव्हता. तिने तो कसा मिळवला हे टोलीवर सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

त्र्याण्णवच्या श्रावणात नाल्याला कमरेइतकं पाणी होतं. लहानूने सायकलवरून बॅटरी उतरवली आणि काठावर ठेवली. "पुढच्या बाजाराले नेऊ," म्हणाला. साधनाने पदराची चुंबळ केली, बॅटरी डोक्यावर घेतली आणि पाण्यात शिरली. मागून लहानू ओरडत होता, "अवं, पडशीन!" ती पडली नाही. संध्याकाळी तशीच परत आली. मानेवर आम्ल ओघळलं होतं, पोलक्याला भोकं पडली होती, आणि त्या जागी पुढे कधी नीट केस आले नाहीत. बॅटरी सासऱ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "मामाजी, हप्त्यातला अर्धा तास माहा."

ताराबाई चुलीजवळून म्हणाली, "बॅटरी का आनली, राजाच झाली!"

 मनसाराम अन्यायी माणूस नव्हता. सोसायटीत मासोळ्यांची वाटणी तोच करायचा आणि त्याच्या वाटणीवर कोणी बोट ठेवत नसे. "जाळं ज्यानं वढलं त्याले वाटा," तो म्हणाला. "एक मालिका निवड. ते संपेपर्यंत अर्धा तास तुहा. संपली का घराचा."

त्या दिवसापासून बॅटरी वाहणं तिचंच काम झालं. पाणी उतरलं, सायकल पुन्हा चालू लागली, तरी बॅटरी तिच्याच डोक्यावर. वाटा पाहिजे ना, मग वाहा.

मालिका संपली की अर्धा तास घराचा. पुन्हा मागायचा तर तीन महिने तोंड पाहत बसायचं, कारण तोवर अमर तेरा भागांचं काहीतरी लावून मोकळा व्हायचा. पहिल्या वेळी तिने आवडली ती मालिका घेतली आणि ती तेराही पुरे न करता सात भागांत बंद पडली. त्यानंतर तिने आवडणं बाजूला ठेवलं आणि ती खुणा पाहायला लागली.

जाहिराती मोजायच्या. साबण आणि चहा असेपर्यंत धोका नाही. डोकेदुखीची गोळी एकटीच उरली तर समजायचं की दिवस भरले. दहाव्या भागात नवा माणूस आला तर मुदत वाढली. दहाव्या भागात जुनी भांडणं मिटायला लागली तर गेली. कोणी नदीत वाहून गेलं आणि प्रेत मिळालं नाही, तर वाढीसाठी अर्ज केलेला आहे, उत्तर यायचं आहे. बाई गरोदर राहिली तर किमान सहा महिने चिंता नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षांत तिचं एकदाही चुकलं नाही. ज्या दोन-चार घरी टीव्ही होता तिथल्या बाया तिला विचारल्याशिवाय कुठल्या मालिकेत जीव गुंतवत नसत. ताराबाईसुद्धा विचारायची, फक्त भिंतीकडे पाहून. "लोकं म्हनतेत का ते नवी लागनार हाये ते बरी हाये म्हनून," असं.

मग पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात 'डेपो नंबर तीन' सुरू झाली.

त्यात काही नव्हतं. एका लहान गावचा एसटी डेपो. तिथे कुमुद नावाची बाई गाड्यांची घोषणा करायची. गाडी उशिरा यायची, लोक तिच्यावर ओरडायचे, ती माइक बंद करून पाणी प्यायची आणि पुन्हा घोषणा करायची. तिने आपल्या गावी बदलीसाठी अर्ज दिला होता. तो कुठल्या टेबलावर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून डबा खायची. साधना पहिल्या भागाला ते पाहून उठून उभीच राहिली होती. टीव्हीतली बाई जेवताना कोणाला वाढत नाही, हे ती पहिल्यांदा पाहत होती.

खुणा पाहायला ती विसरली असं नाही. पहिल्या दिवशीच तिला कळलं होतं. एक चहा, एक गोळी. ना नवं कापड, ना गाणं. तरी तिने आपला अर्धा तास त्या मालिकेवर लावला.

"चालन का हे?" हापशीवर कमलाने विचारलं.

"पाहू," साधना म्हणाली. असं ती कधी म्हणत नसे.

नवव्या भागाला चहावाला सुटला. त्याच आठवड्यात बॅटरीही बसली. आठ-नऊ तासांची पाच-सहावर आली. चामोर्शीच्या दुकानदाराने झाकणं उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, आता हिच्यात काही जीव राह्यला नाई. चालते तोपर्यंत चालवा." मनसारामने जेवणावर नवी वाटणी सांगितली. बातम्या राहतील. सिनेमा राहील. गाणी राहतील.

"बायांचा एकच वाटा," तो म्हणाला. "दोघींनी मिळून एक मालिका निवडा. ते बंद पडेपर्यंत तेच. रोज रोज बदल चालनार नाई."

"बॅटरी मी आनतो मामाजी," साधना म्हणाली.

"म्हून तं एक ठेवला. नाई तं दोन्ही काढा लागत होते."

ताराबाईची देवाची मालिका संपलीच होती. सगळे देव स्वर्गात परत गेले होते. रात्री भांडी घासताना ती सुनेच्या शेजारी येऊन बसली आणि पहिल्यांदा भिंतीकडे न पाहता बोलली.

"सांग मले. तुही ते बसवाली राह्यते का?"

"आत्याबाई, तुमाले आवडते का ते?"

"मले काय आवडते ते नोको इचारू. ते बिचारी रोज लोकायचं आयकून घेते, तिले पाहून माहा जीव तुटते. पन राह्यते का? नाई तं महिन्याभरात तुहा बी जाईन आन माहा बी. तो अमर्‍या टपूनच बसला हाये."

साधनाने राख चोळता चोळता हात थांबवला. 'डेपो'च्या आधी त्या आठवड्यात एका नव्या मालिकेची झलक दाखवत होते. 'ठाकूर निवास'. तीन सुना, एक सासू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि मधोमध एक जिना. केवढा जिना. दोन्ही बाजूंनी वळून वर जाणारा, गालिचा टाकलेला.

"तेरा भागासाठी कोनी एवढा जिना बांधत नाई," ती शेवटी म्हणाली. "ठाकूरवाली घ्या. ते पाच वर्सं जात नाई."

"आन बसवाली?"

"ते तेरावर मरते. चार भाग उरले."

हे खरं होतं, म्हणजे तिच्या सगळ्या खुणांप्रमाणे खरं होतं. ती खोटं बोलली असती तर निदान ते चार भाग तरी पाहता आले असते. पण चार भागांसाठी पुढची सगळी वर्षं कोण घालवणार? तिने हिशेबीपणा केला, आणि त्या हिशेबीपणात कुमुदची बदली कुठे झाली, झाली का नाही, हे सोडून दिलं.

'ठाकूर निवास' सुरू झाली. दोन्ही बायका शेजारी बसून पाहू लागल्या. साधनाला पहिल्या महिन्यातच ती नकोशी झाली. त्या घरात भात कोणी शिजवत नव्हतं. सुना झोपतानाही जरीच्या साड्या नेसायच्या. मोठी सून जिन्यावरून पडायची, धाकटी जिन्यावरून उतरायची, मधली जिन्याखाली लपून ऐकायची. ताराबाई मात्र सरसावून बसायची.

"पाय, पाय कशी नजर वर करून बोलते सासूले!"

"किल्ल्या काहून देत नाई मंग सासू?"

"देईन ना! मेल्यावर देईन!" आणि ताराबाई सुनेकडे पाहून अशी हसायची, की कोणत्या घराबद्दल बोलणं चाललं आहे हे लहानूलाही कळायचं. तो विडी पेटवून बाहेर जायचा.

दिवाळीला राजुऱ्याहून धाकटी बहीण रिंकू आली. बारावीत होती. दुसऱ्या दिवशी दोघी तलावावर धुणं घेऊन गेल्या.

"ताई, तू 'डेपो' पायत नाई का आता?"

"बंद पडली ना ते."

"कोन म्हने? चालू हाये. अजून तेरा भेटले. आता तं एक नवा डायव्हर बी आला हाये."

साधनाच्या हातातली लुगड्याची घडी पाण्यात पसरली. "जाहिराती?"

"जाहिराती कायच्या! एकच हाये. लोकायनं पत्रं लिवले ना, बंद करू नोका म्हनून. टीव्हीवर सांगतलं तसं. आमच्या वर्गातल्या समद्या पोट्ट्यायनं लिवलं. मी बी लिवलं एक कार्ड." रिंकूने साबण दगडावर आपटला. "तू नाई लिवलं? तुलेच तं लई आवडे ना."

 दोन वर्षं साधना मालिकेचं भविष्य सांगत होती. आभाळ पाहून पाणी येईल का सांगावं, तसं. त्यात आपणही काही म्हणू शकतो, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. पोस्ट तर चामोर्शीला बॅटरीच्या दुकानाच्या बाजूलाच होतं. दर बाजाराला ती त्याच्या पायरीवर बसून चार्जिंग होण्याची वाट पाहायची.

"कुमुदची बदली झाली का?" तिने विचारलं.

"झाली ना. म्हंजे झाली आन मंग रद्द झाली वाटते. नाई नाई, तिनंच काहीतरी केलं. लई रडते एका भागात. मले ट्यूशन होती त्या दिवशी." रिंकूने पिळा घट्ट केला. "चांगलं होतं पन."

त्या रात्री साधनाने सासऱ्याला विचारलं, की मालिका बदलता येईल का. मनसाराम म्हणाला, दोघींनी मिळून निवडली, दोघींनी मिळून बदला. ताराबाई म्हणाली, "तूच म्हनली ना पाच वर्सं चालते म्हनून? आता मले त्या मधलीचं काय होते ते पायचं हाये."

म्हणजे एकच वाट उरली होती. 'ठाकूर निवास' बंद पडली तर, अमरने वाटा बळकावायच्या आधी, पुन्हा निवड मागता येईल.

पुढच्या बाजाराला तिने पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि पायरीवर बसून लिहिलं. दहावीपर्यंतचं शुद्ध मराठी तिला येत होतं. 'महोदय, ठाकूर निवास ही मालिका आम्ही दर आठवड्याला पाहतो. ती कृपया बंद करावी. त्या घरात काम करणारे कोणीही दिसत नाही. सुनांना दुसरा उद्योग नाही. त्या जिन्याचा खर्च निघाला असल्यास आता पुरे करावे. आपली नम्र, सौ. साधना, तालुका चामोर्शी.' पहिलं कार्ड गेल्यावर तिला बरं वाटलं. मग तिने दर बाजाराला एक लिहायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डात मालिकेतली एक चूक. विधवेच्या हातात हिरवा चुडा कसा. अठ्ठावीस दिवसांत बाळंतपण कसं. सव्विसावा भाग जवळ आला होता आणि एक साबण सुटलाही होता. तिला वाटलं, आता जाते.

सव्विसाव्या भागाला दोघी बसल्या. मालिका सुरू होण्याआधी जिन्याचं चित्र आलं आणि त्यावर अक्षरं आली. साधनाने ती ताराबाईला वाचून दाखवली, कारण ताराबाईला वाचता येत नव्हतं.

"प्रेक्षकांनी पाठवलेल्या अकरा हजार पत्रांबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्या या उदंड प्रतिसादामुळे 'ठाकूर निवास' आता एकशे चार भाग."

"अकरा हजार!" ताराबाईने हात जोडले. "पाय माय, किती लोकायचा जीव हाये तिच्यात."

साधना पडद्याकडे पाहत राहिली. त्या अकरा हजारांत तिची नऊ होती. तिकडे पत्रं मोजली होती. आत काय लिहिलंय ते पाहायला कोणाला वेळ असणार.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर हापशीवर कोणी मालिकेचं विचारलं तर ती म्हणायची, "तुमाले आवडते ना? मंग पाहा ना बापा. मले काहाले इचारता?" बायांना वाटलं, साधनाला गर्व झाला.

एकशे चारनंतरही 'ठाकूर निवास' चालली. चार वर्षं दर आठवड्याला साधनाने तो जिना पाहिला. डोक्यावरून बॅटरी आणायची आणि तिच्यावर हे पाहायचं. कधीकधी ती पाठ फिरवून तांदूळ निवडत बसायची, पण अर्धा तास उठायची मात्र नाही. लहानूने एकदा म्हटलं, "नाई आवडत तं कायले बसतं? झोप ना." ती म्हणाली, "माहा हाये म्हून बसतो." त्याला ते कळलं नाही. पण तो वाद घालणारा माणूस नव्हता. जाळ्याची गाठ मारत बसला.

नव्याण्णवच्या शेवटी नाल्यावरून तारा ओढल्या. आधी दिवा आला, मग वर्षभरात रंगीत टीव्ही, मग चामोर्शीवाल्याची केबल. बॅटरी मागच्या पडवीत गेली आणि एका उन्हाळ्यात भंगारवाल्याने नेली. 'ठाकूर निवास' कधीतरी संपली होती. मधलीचं काय झालं हे पाहायच्या आधी ताराबाईला मोतीबिंदू झाला आणि तिला ते ऐकूनच समजून घ्यावं लागलं. आता टीव्ही सकाळी सातला सुरू व्हायचा आणि सगळे झोपले की बंद व्हायचा. पंचवीस-तीस चॅनल. अमरने दुकान टाकलं होतं, लग्न केलं होतं, त्याची बायको सरिता दुपारभर पाहायची. अमर दुकानातून आला की रिमोट त्याच्या हातात. दोघी जावांच्या लेकरांना कार्टून. साधनाला पाहायला कोणी मनाई केली नव्हती. जाता-येता दिसायचं. ताट वाढताना एखादा चेहरा, पाण्याचा तांब्या देताना दुसरा. कोणती मालिका कोणत्या चॅनलवर हेही तिला नीट सांगता येत नव्हतं.

एके दिवशी केर काढताना तिला एका नव्या मालिकेची झलक दिसली. राशनचं दुकान चालवणारी एक बाई. डोळ्यांवर चष्मा, समोर तराजू. रॉकेलच्या पिंपावर बसून ती एकटी चहा पीत होती. जिना नव्हता. एकही भारी साडी नव्हती. साधनाने केरसुणी हातात धरून झलक शेवटपर्यंत पाहिली. हिला तेरासुद्धा मिळायचे नाहीत, हे तिला तेव्हाच कळलं. बुधवारी संध्याकाळी साडेसात.

बुधवारी तिने भाजी चारलाच करून ठेवली. भात चुलीवर चढवला आणि साडेसातला पाच मिनिटं असताना बाहेरच्या खोलीत येऊन बसली. जाता-येता नाही, नीट मांडी घालून. अमर क्रिकेट पाहत होता.

"भाऊजी, आता थोडा वेळ माही मालिका लावा."

"कोनती वहिनी? थांबा, दोनच ओव्हर राह्यल्या."

"आता लागते ते. लावा ना."

"रिपीट राह्यते ना उद्या दुपारी. तवा पाहा."

"उद्या दुपारी मी बाजाराले जातो," साधना म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला. "मामाजी, हप्त्यातला अर्धा तास माहा हाये. तुमीच देल्ला होता."

खोलीत सगळे तिच्याकडे पाहू लागले. सरिताला हसू आलं आणि तिने ते पदरात लपवलं. लहानू म्हणाला, "अवं, आता तं टीव्ही दिवसभर चालू राह्यते. पायजे तवढं पाय. अर्धा तास काय घेऊन बसली."

मनसाराम खाटेवर होता. आता त्याला ऐकू कमी यायचं, पण हे त्याने ऐकलं. तो बराच वेळ विचार करत राहिला. सोसायटीत वाटणीचा पेच आला की करायचा तसा.

"तो बॅटरीचा होता बाई," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

आत भात खाली लागल्याचा वास आला. "वहिनी, भात," अमर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

साधना उठली. भात उतरवला, वरचा चांगला वेगळा काढला, करपलेला आपल्या ताटात घेतला आणि बाकीची ताटं वाढायला घेतली. बाहेर ओव्हर संपली. अमर चॅनल बदलत होता. एकेका चॅनलवर दोन शब्द, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. त्यांतले राशनच्या दुकानातले शब्द कोणते, हे तिला चुलीजवळून कळलं नाही.